परवलीचा उखाणा

मिरजगावच्या आमच्या वाचनालयात वर्षभरात जितकी माणसं येत नाहीत, तितकी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका दुपारी येतात. त्या दिवशी पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवून सतरंज्या टाकतात आणि वर्तमानपत्रांच्या टेबलावर तिळगुळाची परात ठेवतात. किल्ली माझ्याकडे असल्यामुळे मला थांबावं लागतं. मी कपाटांमागे खिडकीजवळ बसून राहतो. बायकांच्या कार्यक्रमात आपण असावं की नसावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांना माझी आठवण राहत नाही, त्यामुळे अडचण मात्र कुणाचीच होत नाही.

यंदा महिला बचत गटानं हळदीकुंकवाला पोलीस खात्यातल्या पूजा मॅडमना बोलावलं होतं. बाई तिशीच्या आतल्या, पण बोलणं ठाम. मोबाईलवर काय काय फसवणूक होते, ते त्यांनी घरातलं बोलल्यासारखं सांगितलं. आपले फोटो कोण कोण बघतं, ते आधी तपासा. अनोळखी व्हिडिओ कॉल उचलू नका. कुणी धमकावलं, घाण लिहिलं, तर ते पुसून टाकू नका, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण तोच पुरावा असतो. १९३० हा नंबर त्यांनी सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घेतला. आणि सगळ्यात शेवटी त्या म्हणाल्या की एखाद्या मुलीच्या फोटोचा गैरवापर झाला तर आधी तिलाच रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी ती तुम्हाला काही सांगणार नाही, आणि नेमकं तेच त्या भामट्याला हवं असतं.

मग त्यांनी परवलीच्या शब्दाचं सांगितलं. हल्ली आवाजाची नक्कल करतात, नावाची खोटी खाती काढतात. समोरचं माणूस आपलंच आहे का, हे ओळखायला प्रत्येक घरानं एक गुपित शब्द ठरवून ठेवावा.

गटातल्या सगळ्यात थोरल्या भागूबाई. बाजाराच्या दिवशी वाचनालयाच्या पायरीवर त्या भाजीचे वाटे मांडून बसतात. त्या लगेच म्हणाल्या, “मंग उखाना ठेवा की. नवऱ्याचं नाव चोरट्याला कुठं घेता येतंय?”

सगळ्या हसल्या, पूजा मॅडमही हसल्या. चालेल, पण तो घरातल्या घरातच राहिला पाहिजे, असं म्हणून त्या उठल्या. त्यांना पुढे दुसऱ्या गावी जायचं होतं. वाण म्हणून मिळालेली चहाची गाळणी पिशवीत टाकून त्यांनी निरोप घेतला.

त्या गेल्यावर नाव घेण्याचा कार्यक्रम झाला. हळदीकुंकू म्हटलं की तो होणारच. एकेक बाई उभी राहिली, पदर सावरला, उखाणा घेतला. गटातली एक सून मोबाईलवर सगळं टिपत होती. छबूबाईंची पाळी आली तेव्हा त्या आधी लाजल्या आणि मग खणखणीत आवाजात म्हणाल्या,

“मळ्यातल्या शाळूची ज्वारी लई टपोरी,
सहादेवरावांचं नाव घेते, लेक शिकते संगमनेरी.”

टाळ्या पडल्या. संध्याकाळी ते सगळे उखाणे गावाच्या फेसबुकच्या पानावर चढले. आपण काय करून बसलो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

छबूबाईंचं घर वाचनालयाच्या मागच्या गल्लीत. नवरा सहादेव टेम्पो चालवतो, थोडी जमीन आहे. त्यांची राजेश्वरी लहानपणापासून आमच्या वाचनालयात यायची. खालचे कप्पे वाचून संपले की स्टूल मागायची. बारावीला तालुक्यात वरचा नंबर आला तेव्हा तिचा सत्कारही इथंच झाला. आता ती संगमनेरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते. तिला तिथं पोहोचवायला वडील गेले नव्हते, थोरले चुलते वैजनाथनाना गेले होते. तिची ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेऊन ते दोन जिने चढले, असं ते पुष्कळदा सांगतात. नाना रोज सकाळी वाचनालयात येऊन वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतात. मी त्यांना कधी हळू वाचा म्हणू शकलो नाही.

फेब्रुवारीतल्या एका बाजाराच्या दिवशी नाना असेच वाचत बसले होते. समोरच्या कृषी सेवा केंद्राचा मालक गोरक्ष रस्ता ओलांडून आला आणि त्यांना जरा बाजूला या म्हणाला. बाजूला म्हणजे माझ्या टेबलाजवळच, कारण दुसरी जागा नव्हती. गोरक्ष चांगला, संसारी माणूस. त्यानं खाली मान घालून मोबाईल पुढे केला. त्यावर राजेश्वरीच्या नावाचं खातं होतं. फोटो तिचाच, सत्काराच्या दिवशीचा, हातात पुष्पगुच्छ घेतलेला. मागे आमचं कपाटही दिसत होतं. त्या खात्यावरून गोरक्षला काही दिवस संदेश येत होते. आधी ‘ओळखलं का’, मग गप्पा, आणि मग असलं काही की गोरक्षनं ते वाचून दाखवलं नाही, नुसता मोबाईल नानांच्या हातात दिला. गावातल्या आणखी काही जणांनाही येतात, पण ते सांगणार नाहीत, असं तो म्हणाला.

नानांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. मग छबूबाईंना बोलावणं धाडलं.

छबूबाई पिठाच्या हातानंच आल्या. नानांनी त्यांना मोबाईल दाखवला नाही, तोंडीच सांगितलं, तेही अर्धं. आवाज चढवला नाही. ते म्हणाले, “उद्या पयल्या यष्टीनं मी संगमनेरला जातो आन तिला घिऊन येतो. शिक्षान बास झालं.”

छबूबाईंनी लेकीला फोन लावला. बंद लागला. परत लावला. तिची आज प्रॅक्टिकलची परीक्षा आहे, मोबाईल बाहेर जमा करतात, असं त्या सांगू लागल्या. तेवढ्यात गोरक्षच्या हातातला मोबाईल वाजला. त्याच खात्यावरून नवा संदेश आला होता.

“मोबाईल जमा हाय, तर ह्ये कोन लिव्हतंय?” नाना म्हणाले.

छबूबाईंना तेव्हा परवलीचा शब्द आठवला. संक्रांतीनंतर त्यांनी लेकीला फोनवर सांगून ठेवलं होतं की कधी शंका आली तर माझा उखाणा विचारायचा. त्यांनी गोरक्षला लिहायला लावलं, ‘तू राजेश्वरी असशील तर आईचा उखाणा सांग.’

उत्तराला थोडा वेळ लागला. पायरीवर भागूबाई गिऱ्हाइकाशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालत होत्या, तेवढाच आवाज. मग मोबाईल वाजला आणि गोरक्षनं वाचलं. मळ्यातल्या शाळूची ज्वारी लई टपोरी. पुढचंही सगळं बरोबर होतं, सहादेवरावांच्या नावासकट.

छबूबाई बाकावर बसल्या. नंतर त्यांनी मला सांगितलं की त्या क्षणी त्यांचा लेकीवरचा विश्वास उडाला होता. त्या घाणेरड्या संदेशांचं त्यांना तितकं लागलं नव्हतं. पण भिंतीकडं तोंड करून, नवऱ्यालाही ऐकू जाऊ नये अशा आवाजात, ज्या पोरीला आपण ते गुपित सांगितलं, तिनंच हे करावं, हे त्यांना सोसवेना.

“आता तरी पटलं?” नाना म्हणाले. मग गोरक्षला म्हणाले, “पुसून टाक ती घान. कुनाला दिसाया नको.”

गोरक्षचं बोट मोबाईलकडे गेलं. छबूबाईंनी मान वर न करता म्हटलं, “पुसू नका, गोरक्षभाऊ. मॅडमनी पुसू नका म्हनून सांगितलंय.”

लेकीनंच केलं असं वाटत असताना त्यांनी ते का थांबवलं, हे त्यांनाही सांगता आलं नाही. सांगितलं होतं म्हणून, एवढंच.

पायरीवरून भागूबाईंनी विचारलं, “उखाना कोनता म्हनला?”

गोरक्षनं पहिली ओळ म्हटली. भागूबाईंनी तराजूवरची नजर न काढता दुसरी ओळ पुरी केली. सहादेवरावांचं नाव घेते, लेक शिकते संगमनेरी. मग म्हणाल्या, “ह्यो व्हय? ह्यो तर माज्या सुनंला पाठ हाय. नातू म्हशीम्होरं म्हनतोय.” मेथी घेणारी बाई दुसऱ्या गावची होती. तीही म्हणाली की मोबाईलवर पाहिलाय, चांगला जमलाय.

छबूबाई हळूहळू उभ्या राहिल्या. त्यांच्या ओठांवर हसू आलं आणि डोळ्यांत पाणी, दोन्ही एकदमच.

“आगं बया,” त्या म्हणाल्या. “परवलीचा शब्द आमी साऱ्या जगाला वान म्हनून वाटला.”

मी टेबलावरच्या संगणकावर गावाचं पान उघडून दिलं. उखाण्यांचा व्हिडिओ तिथं होता. त्याच्या खाली दीड-दोन वर्षांपूर्वीचे सत्काराचे फोटो होते. पुष्पगुच्छ होता, कपाट होतं, राजेश्वरीचं पूर्ण नाव, कॉलेजचं नाव, सगळं होतं. ते पान बघायला ओळखीचं असायची गरज नव्हती. भाटेगावचा, भोपाळचा, कुठलाही माणूस ते बघू शकत होता.

पण नाना सहजासहजी ऐकणारे नव्हते, आणि त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. ते म्हणाले, “म्हंजे ह्ये दुसऱ्या कुनी लिव्हलं आसंल. पन तिनं लिव्हलंच न्हाई, असं कुठं ठरतंय? दोन्ही व्हऊ शकतंय.” तेव्हा नवा सवाल हवा होता, ज्याचं उत्तर कुठल्याही पानावर नसेल. नानांनी तिच्या आजोबांचं नाव सुचवलं, पण ते शाळेच्या देणगीच्या फलकावर कोरलेलं आहे. मी जन्मतारीख म्हणालो आणि लगेच गप्प बसलो, कारण पानावर गटानं तिला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिलेल्या समोरच दिसत होत्या.

छबूबाई दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. बाजारातली माणसं जात-येत होती. मग त्या वळल्या आणि गोरक्षला लिहायला सांगितलं. दिवाळीनंतर परत जाताना आईनं पिशवीत घातलेली कोणती वस्तू तू काढून घरी लपवलीस, आणि कुठं?

“आन जवाब खरा का खोटा, ह्ये आमी कसं वळखायचं?” नानांनी विचारलं.

“आधी एकाला सांगून ठिवते.”

भागूबाईंनी लगेच कान पुढे केला. छबूबाई त्यांच्याकडं बघून हसल्या आणि माझ्याकडं आल्या. नाना म्हणाले, “चालंल. ह्ये गुरुजी जीव गेला तरी बोलायचे न्हाईत.” छबूबाईंनी माझ्या कानात दोन वाक्यं सांगितली. मला हसू येणार होतं, ते मी खोकल्यात घातलं.

खात्यावरून उत्तर आलं, ‘आई, माझ्यावर विश्वास नाही का?’ पुढं रडणारे चेहरे. छबूबाईंनी सांगितलं, परत विचारा. मग उत्तर आलं, लाडू. गोरक्षनं लिहिलं, चूक. त्यावर आलं, सोन्याची चेन, कपाटात.

नाना चष्म्यावरून बघत राहिले. “आमच्या घरात सोन्याच्या चेनी पिशवीत घालत्यात व्हय?” ते म्हणाले. आवाज मघापेक्षा उतरला होता. गोरक्षनं आणखी काही लिहायच्या आत तिकडून खातं बंद केलं होतं, निदान गोरक्षसाठी तरी. सगळे संदेश मात्र त्यानं आधीच टिपून ठेवले होते.

एवढ्यात सहादेव आला. टेम्पो लावून, भावाला आणि बायकोला वाचनालयात बघून तो आत आला. त्याला सगळं सांगेपर्यंत छबूबाईंचा फोन वाजला. राजेश्वरी होती. परीक्षा संपली होती आणि तिला आईचे इतके फोन येऊन गेलेले दिसले होते. छबूबाईंनी तिला काहीच सांगितलं नाही. फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला, टेबलावर ठेवला आणि तोच सवाल विचारला.

पलीकडून नुसता परीक्षा सुटलेल्या पोरींचा गलका ऐकू येत होता. नानांचा हात टेबलावर होता, त्याची मूठ झाली होती. मी ते उत्तर मनात धरून होतो आणि मला वाटत होतं, हिला आठवत नसलं तर? माणूस विसरू शकतं. मग ट्रंक डोक्यावर घेऊन गेलेला माणूस उद्या ती ट्रंक परत आणील.

“आई, तिथं कोण कोण आहे?” राजेश्वरीनं विचारलं.

“समदी हायती.”

“अण्णा आहेत?” तिनं वडिलांचं विचारलं.

“हायती.”

“मग नंतर सांगते.”

“आत्ताच सांग,” नाना म्हणाले.

तिनं नानांचा आवाज ओळखला असावा. मग एका दमात म्हणाली, “माकडटोपी. ज्वारीच्या कोठीत, तळाला.”

नानांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांची मूठ सुटली.

“माकडटोपी?” सहादेव म्हणाला. “म्हंजे मी आनलेली? तिच्यापायी नगरचा निम्मा कापडबाजार हिंडलो मी.”

“अण्णा, तिला वर गोंडा होता,” राजेश्वरी फोनमधून म्हणाली. “लाल.”

भागूबाई पायरीवरून इतक्या हसल्या की गिऱ्हाईक थांबून बघू लागलं. छबूबाईंना ती टोपी मकरसंक्रांतीच्या आधी ज्वारी काढताना सापडली होती. त्यांनी लेकीला फोनवर विचारलं, लेकीनं कबूल केलं आणि अण्णांना वाईट वाटेल म्हणून दोघींनी ती गोष्ट तशीच कोठीत राहू दिली.

मग राजेश्वरीला खरी हकीकत सांगावी लागली. मला वाटलं होतं ते नाना सांगतील, पण फोन छबूबाईंनी उचलला. त्यांनी पहिलं वाक्य हेच सांगितलं की तुझी काही चूक नाही. मग खात्याचं सांगितलं. राजेश्वरी ऐकताना थोडी रडली, ते कळत होतं. नंतर नाक पुसून तिनं विचारलं की गोरक्षकाकांनी स्क्रीनशॉट ठेवलेत का. ठेवलेत म्हटल्यावर तिला बरं वाटलं. खोलीतल्या मैत्रिणी मिळून त्या खात्याची तक्रार करतो, सगळ्यांनी केली की लवकर बंद करतात, असं ती म्हणाली. नानांनी शेवटी फोन मागून घेतला. जेवलीस का, असं विचारलं, आणि म्हणाले, “भिऊ नको. हिकडचं आमी बगतो. उरल्याली परीक्षा नीट दे.”

दुसऱ्या दिवशी पहिल्या यष्टीनं नाना गेले, पण संगमनेरला नाही. छबूबाई आणि गोरक्षला घेऊन ते तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेले. पूजा मॅडमनी तक्रार लिहून घेतली, सरकारी पोर्टलवरही भरून दिली. व्हिडिओचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या की पुढच्या वेळी मी नाव घेणं संपेपर्यंत थांबेन. खोटं खातं दोन-तीन दिवसांत बंद झालं. असल्याच गावोगावच्या व्हिडिओंवरून आणखी मुलींच्या नावानं खोटी खाती काढलेली आढळली, त्यामुळे तपास आता नगरच्या सायबर शाखेकडं आहे. तो माणूस कोण, हे अजून कळलेलं नाही. गावाच्या पानावरचा व्हिडिओ काढला, सत्काराचे फोटोही काढले. ज्या लोकांनी त्या खात्याशी गप्पा मारल्या होत्या, ते काही दिवस वाचनालयासमोरून जाताना पलीकडच्या कडेनं जात होते.

होळीला राजेश्वरी घरी आली. बचत गटानं पुन्हा सतरंज्या टाकल्या आणि तिनं एकेकीचा मोबाईल हातात घेऊन फोटो कुणाला दिसावेत, नंबर कुणाला दिसावा, ते लावून दिलं. नाना दाराशी बसून कुणाची पाळी कधी ते बघत होते. त्यांनी आपल्या सुनेचा मोबाईल आधी आणून दिला होता. भागूबाईंच्या फोटोच्या जागी म्हैस होती. राजेश्वरी म्हणाली, काकू, तुम्ही सगळ्यांत सुरक्षित आहात.

सहादेवनं ती टोपी कोठीतून काढली, झटकली, तिच्यात अडकलेले ज्वारीचे दाणे वेचले आणि पहाटे टेम्पोत घालायला सुरुवात केली. होळीनंतर ऊन तापलं तरी घालतो. लाल गोंडा रस्त्यावरून लांबूनच दिसतो.

आता टोपीची गोष्ट गावभर झाली, म्हणजे तोही सवाल बाद. निघायच्या आधी राजेश्वरी आणि छबूबाई कपाटांमागे माझ्या खिडकीजवळ जाऊन नवा शब्द ठरवत बसल्या. मी उठून बाहेर ओसरीत आलो. आतून दोघींचं हसणं ऐकू येत होतं, शब्द ऐकू येत नव्हता.

पुढच्या बाजाराला भागूबाईंनी मला पायरीवरच गाठलं.

“गुरुजी, तुमाला म्हाईत आसंल की.”

मी म्हटलं, नाही. खरंच माहीत नव्हतं. त्यांनी माझ्या पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी टाकली आणि पुन्हा विचारलं.